मी रुसले नव्हते

माझा अबोला आमच्या गल्लीत प्रसिद्ध आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं रामायण त्यापायी झालं. एरवी मी बडबडी बाई. भडगावला आमच्या घरी उन्हाळ्यात बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड, कुरडया, शेवया करून विकायचं काम चालतं. अंगणात आठ-दहा बाया असतात आणि त्या सगळ्यांचा मिळून जेवढा आवाज होतो, त्यात निम्मा माझा. पण राग आला की मी भांडत नाही, बोलणंच बंद करते. एका दिवाळीत फराळ केला, पाहुण्यांना हसून वाढला, आणि ह्यांच्याशी भाऊबीजेपर्यंत चकार शब्द काढला नाही. माझ्या सासूबाईंना सगळे अक्का म्हणतात. त्या आल्यागेल्याला कौतुकानं सांगायच्या, आमच्या सुनेचा अबोला भारी कडक.

म्हणून माझं बोलणं खरोखर बंद पडलं, तेव्हा घरात कोणालाच त्यात आजार दिसला नाही. मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्या जागी मी असते तर मलाही दिसला नसता. पण त्यात जे दिवस गेले, ते मला महागात पडणार होते. असं दुसऱ्या कुणाच्या घरी होऊ नये म्हणून हे लिहायला बसलेय. कॅटाटोनिया हा शब्द मी धुळ्याच्या दवाखान्यात पहिल्यांदा ऐकला. डॉक्टरकीतलं मला काही कळत नाही. माझ्यावर गुजरलं तेवढं सांगते.

चीक

त्याआधी दोन-तीन महिने माझी झोप गेली होती. पहाटे डोळे टक्क उघडे. जेवायला बसले की घास तोंडात फिरायचा. मुलगी तेजू जळगावला इंजिनिअरिंगला गेली, घर सुनं झालं, म्हणून असेल असं मी स्वतःलाच समजावत होते. कोणाला सांगायचं तर काय सांगायचं? खातेय, पितेय, कामं करतेय, आणि आत काहीच नाही. असं बोललं तर लोक म्हणणार, सुख टोचतंय बाईला.

तो दिवस कुरडयांचा होता. आदल्या संध्याकाळी ह्यांच्याशी खटका उडालेला. साक्रीला माझ्या मामेबहिणीच्या मुलीचं लग्न होतं आणि ऐन वेळी हे म्हणाले, दुकान बंद ठेवता येणार नाही. ह्यांचं विहिरीच्या जळालेल्या मोटारी रिवाइंड करायचं दुकान आहे, उन्हाळ्यात खरंच दम घ्यायला फुरसत नसते. मी चिडले आणि झोपून गेले. सकाळी चुलीवर गव्हाचा चीक शिजत होता. ज्यांनी कुरडया केल्यात त्यांना माहीत आहे, चीक शिजताना हात थांबवून चालत नाही, लगेच गुठळ्या धरतात. मी हलवत होते. आणि हात थांबला.

मी थांबवला नाही, तो थांबला. मी त्याला सांगितलं, फिर. तो फिरला नाही. करपल्याचा वास आला, शेजारची सुमन ओरडली, "अहो वहिनी, लागलं ना खाली." मला ऐकू आलं, समजलं, उत्तरही तयार होतं. ते तोंडापर्यंत आलं नाही. सुमननं माझ्या हातातला दांडा काढून घेतला आणि मला खांद्याला धरून ओट्यावर बसवलं. बसवलं तशी मी बसून राहिले.

अक्कांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा ह्यांच्याकडे. "रुसनी व्हई ती. लगीनले नही लई गया ना तू," त्या ह्यांना म्हणाल्या. "राहू दे. भूक लागनी म्हंजे उठी जाई."

मनधरणी

त्यानंतरचे दिवस आठवले की मला आजही एकाच वेळी हसू येतं आणि भीतीही वाटते.

दोन दिवस ह्यांनी वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी माझ्यासमोर स्टूल घेऊन बसले आणि म्हणाले, "बरं, चुकलं माझं. लग्नाला न्यायला हवं होतं." मी गप्प. थोडा वेळ विचार करून म्हणाले, "का मग मी ती मोटारसायकल विकली, ते तुला कळलं?" मला काहीच कळलेलं नव्हतं. आतल्या आत मी म्हणतेय, थांबा, कुठली मोटारसायकल? माझ्या भावानं दिलेली? आणि चेहऱ्यावर माशी बसलीय तीसुद्धा हाकलता येत नाहीये. मी उत्तर देत नाही म्हटल्यावर त्यांना वाटलं, नेम बरोबर नाही. मग त्यांनी आणखी एक सांगितलं, मग आणखी एक. माझ्या आईचा निरोप सांगायचा राहिला होता तो. मला न विचारता चाळीसगावच्या चुलतभावाला आमची शेवयाची मशीन वापरायला दिली होती ती. वीस वर्षांच्या संसारात त्या माणसानं जेवढं दडवलं होतं, तेवढं एका दुपारी बाहेर आलं. भांडायला इतका दारूगोळा आयुष्यात पुन्हा मिळायचा नाही, आणि माझी जीभ हलेना.

पण हसण्यासारखं तेवढंच. आतून मी भयंकर घाबरले होते. मला पक्कं वाटत होतं की मी हलले तर काहीतरी वाईट होईल. काय, ते सांगता येत नाही. तेजूला काहीतरी होईल, घर पडेल, असलं काही. ती भीती खोटी आहे हे आज कळतं, तेव्हा ती भिंतीइतकी खरी होती. पाणी तोंडात घातलं की ओघळून बाहेर यायचं. ओठ फुटले. कपडे खराब झाले आणि अक्कांनी काही न बोलता मला पुसून काढलं, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या संध्याकाळी अक्काच ह्यांना म्हणाल्या, "हाई रुसनं नही शे. इतला राग माणूसले ऱ्हास नही."

गावातल्या डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि नाडी बघून सांगितलं, इथे वेळ घालवू नका, धुळ्याला न्या.

धुळे

दवाखान्यात मला तपासणाऱ्या मानसोपचाराच्या डॉक्टर बाई होत्या. सगळे त्यांना मॅडम म्हणत, मीही तेच म्हणते. त्यांनी माझा उजवा हात उचलून खांद्याइतका वर नेला आणि सोडून दिला. हात तिथेच राहिला. ह्यांनी जवळ येऊन तो बघितला. कोणी कितीही रुसलं तरी असा हात वर धरून बसत नाही, हे त्यांना त्या क्षणी कळलं असावं. मॅडमनी हात हळूच खाली आणून मांडीवर ठेवला. म्हणाल्या, "ह्याला कॅटाटोनिया म्हणतात. उदासपणाचा आजार फार वाढला की असं होऊ शकतं. बरं होतं. पण अन्नपाण्यावाचून अंगावर ताण आलाय, आता उशीर नको."

एक इंजेक्शन दिलं. किती वेळ गेला माहीत नाही. मग कान, मान, जीभ, असं एकेक माझ्याकडे परत येऊ लागलं. मी मान वळवली. ह्यांच्याकडे बघितलं आणि बोलले. इतक्या दिवसांनंतरचा पहिला शब्द माणसानं जरा बरा काढावा. मी म्हणाले, "चुलीखालचा जाळ ओढला का?"

हे रडायला लागले. चारचौघांत हा माणूस रडलेला मी पाहिला नव्हता. मी पाणी मागितलं, वरणभात मागितला, नर्सनं दिला तेवढा सगळा खाल्ला. मला वाटलं, झालं, सुटले. दिवस मावळायच्या आत मी पुन्हा बंद पडले.

पुढचे काही दिवस तसेच गेले. इंजेक्शन दिलं की मी उघडायचे, दोनेक तास बोलायचे, खायचे, आणि मग कडेकडेनं सगळं थिजत यायचं. ते येताना कळायचं, हे सगळ्यात वाईट. आधी शब्द सापडायला वेळ लागायचा, मग पापणी जड व्हायची. प्रत्येक वेळी उघडी राहायचा वेळ थोडा कमी. नाकातून नळी घातली होती. सकाळी आया यायची, अंग पुसायची, कूस बदलायची आणि गुडघे दाबून द्यायची. ती दुसऱ्या बायकांशी बोलतच काम करायची, भाजीचा भाव, जावयाचं गाऱ्हाणं. मला तिचं येणं फार आवडायचं. तेवढा वेळ खोलीत साधंसुधं काहीतरी चालू असायचं.

मग मॅडमनी ह्यांना बाहेर बोलावून सांगितलं की नुसत्या औषधानं भागेल असं दिसत नाही. शॉक द्यावे लागतील.

करंट

आमच्या घरात हा शब्द साधा नाही. हे जन्मभर करंटशी खेळलेले. मोटारीला हात लावायच्या आधी तीनदा मेन स्विच बघणारा माणूस. त्यांनी विहिरीवर करंट लागून फेकला गेलेला माणूस डोळ्यांनी पाहिलाय. आणि त्यांना सांगितलं जातंय की बायकोच्या डोक्याला करंट लावायचा, बरं होण्यासाठी. त्यांनी विचार करायला वेळ मागितला.

माझी आई साक्रीकडची. ती दवाखान्यात येऊन राहिली होती. तिनं मात्र तिथल्या तिथे सांगितलं, "मनी पोरले करंट देवाना नही." तिच्या लहानपणी गावातल्या एका बाईला कुठेतरी लांब नेऊन असं केलं होतं म्हणे, ती परत आली ती स्वतःच्या पोरांना ओळखेना. जुनी गोष्ट, खरी किती, वाढवलेली किती कोण जाणे. पण आई तिच्यावर अडून बसली. आणि ह्यांची अडचण मला खाटेवरून ऐकू येत होती. ते अक्कांना फोनवर सांगत होते, "मी हो म्हणालो आणि उद्या काही बरंवाईट झालं, तर तिच्या माहेरचे मला उभा जाळतील." त्यात खोटं काही नव्हतं. जावयानं सासूच्या शब्दाबाहेर जाऊन असला निर्णय घ्यायचा, ही आमच्याकडे सोपी गोष्ट नाही.

मी सगळं ऐकत पडले होते. ह्यांना आईची भीती, आईला करंटची भीती, आणि मधे मी वाळत चालले होते. भीती मलाही होती, पण त्या दिवशी तिच्यापेक्षा राग मोठा निघाला. मला जगायचं होतं. तेजूचं शिक्षण बघायचं होतं. ती मोटारसायकल का विकली, ते विचारायचं होतं.

मॅडम दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "निर्णय त्यांचा त्यांना घेऊ द्या. इंजेक्शननंतर त्या नीट बोलतात, समजून उत्तर देतात. त्यांनाच विचारते." आणि त्यांनी खरंच मला विचारलं. इंजेक्शन चढल्यावर खाटेशी खुर्ची ओढून बसल्या आणि काय करणार ते सगळं समजावलं. झोपेचं औषध देऊन करतात, दुखत नाही, थोडी विसराळूपणाची तक्रार राहू शकते, काहींची ती बरेच दिवस राहते. मी म्हणाले, "द्या." सहीही केली, वाकडीतिकडी. कायद्यानं तेवढं पुरत होतं, पण मला पुरत नव्हतं. आईला तसंच डावलून मी आत गेले असते, तर ती बाहेर बसून जीव टाकेल हे मला माहीत होतं. आणि माझ्या माहेरच्यांच्या नजरेत हे कायमचे दोषी ठरले असते.

मी ह्यांना म्हणाले, "आईला बोलवा. आणि तुम्हीही इथेच थांबा." ते चाचरत म्हणाले, "ती मोटारसायकल..." मी म्हणाले, "त्याचं नंतर बघते."

आई आली. माझ्या पायाशी बसली. मी आमच्या बोलीत बोलले, कारण आईशी मराठीत बोललं की तिला वाटतं मी परकी झाले. "माय, मी इतला दिस आठेच व्हतू. माले बठ्ठं ऐकू ये. तू रडनी ते बी." इतके दिवस मी इथेच होते, सगळं ऐकत होते, हे कळल्यावर आईनं तोंडाला पदर लावला. मी पुढे म्हणाले, "मी मझार अडकेल शे. सुई दिधी का दार उघडस, आनि परत लागी जास. आज ना उद्या उघडाव नही. माले बाहेर काढ."

बोलता बोलता मला कळत होतं की पापणी जड होतेय. एरवी ते यायला लागलं की मी घाबरून गप्प व्हायचे. त्या दिवशी मी ठरवलं, आईनं हो म्हटल्याशिवाय बंद पडायचं नाही. असं ठरवून त्या आजारात काही होत नाही, हे मॅडम सांगतील. पण मी ठरवलं होतं. मी तिचा हात धरला आणि डोळे तिच्यावर ठेवले.

आईनं माझ्या हातावर आपला दुसरा हात ठेवला. मग मॅडमकडे वळून तिनं विचारलं, "दुखी का तिले?"

"नाही मावशी. झोपेत असतील त्या."

"मंग द्या," आई म्हणाली. "पन मी दारजोडे बठसू."

हे खिडकीकडे तोंड करून उभे होते. त्यांचे खांदे खाली आले, ते मला दिसलं. त्यानंतरचं काही आठवत नाही.

दाराशी

शॉकबद्दल लोक मला खोदून खोदून विचारतात, आणि सांगण्यासारखं इतकं कमी आहे की त्यांची निराशा होते. रात्रीपासून उपाशी ठेवतात. सकाळी आत नेतात, हाताला सुई लावतात, तोंडावर मास्क येतो आणि आपण नसतो. जाग येते तेव्हा डोकं ठणकत असतं, जबडा दुखतो आणि चहा हवासा वाटतो. एवढंच. एक दिवसाआड असं काही वेळा झालं. प्रत्येक वेळी बाहेर आले की दाराशी आई, हातात चहाचा थर्मास, आणि तिच्या शेजारी हे. त्या दोघांनी एका बाकावर बसून आयुष्यात पहिल्यांदा मनमोकळ्या गप्पा मारल्या म्हणे.

तिसऱ्या खेपेनंतर मी इंजेक्शनशिवाय उठून बसले आणि बसलेलीच राहिले. दुपार झाली, दिवस कलला, पापणी जड झाली नाही. मी मुद्दाम बोलत राहिले. शेजारच्या खाटेवरची बाई शेवटी वैतागून म्हणाली, "ताई, जरा झोपू द्या की." इतकं गोड बोलणं मी कधी ऐकलं नव्हतं.

हरवलंही काही. त्या उन्हाळ्यातले बरेचसे दिवस माझ्यापाशी नाहीत. बिबड्यांचं पीठ किती शिजवायचं, हे हातात मुरलेलं गणित मला सुमनला विचारावं लागलं, आणि मी न्हाणीघरात जाऊन रडले. ते पुढे बरंचसं परत आलं. तेजूला परीक्षा म्हणून कोणी कळवलं नव्हतं. ती आली ती घरच्यांवर इतकी संतापली, की दोन दिवस मीच सगळ्यांची बाजू घेत फिरले.

घरी

बरं होणं म्हणजे घरी येणं नाही, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. घरी आल्यावर घरच्यांनी माझं गप्प बसणंच बंद केलं. मी भाजी निवडताना दोन मिनिटं शांत राहिले की अक्का हाक मारायच्या. मी भिंतीला टेकून नुसती विचार करत बसले की हे गुपचूप मागून यायचे आणि माझा हात उचलून सोडायचे. पडला की निश्चिंत होऊन दुकानात जायचे. एकदा ताक घुसळताना असा हात उचलला तर मी सगळं ताक ह्यांच्या अंगावर ओतलं. मग बसून समजावून सांगितलं, की मला गप्प राहायचा हक्क हवा, आणि हात उचलायच्या आधी मला नुसतं विचारा, मी उत्तर देईन. त्यांनी ते मानलं. मोटारसायकलचा हिशोबही त्याच बैठकीत झाला, तो इथे देत नाही.

गोळ्या चालू आहेत. मॅडमनी स्पष्ट सांगितलंय की हे परत येऊ शकतं. सुरुवातीला मी रोज सकाळी उठून आधी बोटं हलवून बघायचे. नंतर ते सोडून दिलं. रोज भिऊन जगायचं तर मग सुटून काय मिळवलं? त्यापेक्षा मी गल्लीतल्या प्रत्येक बाईला, गिऱ्हाइकाला, नातेवाइकाला हे सांगत सुटले. कोणी बोलायचं, खायचं, हलायचं बंद केलं तर कारण शोधत बसू नका, आधी दवाखान्यात न्या. काहींना वाटलं, हिला सांगायला लाज कशी नाही. नाही वाटत लाज. मधुमेहाचं सांगता, मग ह्याचं का नाही?

परवा

हे लिखाण मी अर्धं टाकून दिलं होतं. परवाच्या दिवाळीनंतर पुन्हा हातात घेतलं, त्याला कारण झालं.

मी दोरीवरचे कपडे काढून घड्या घालत होते. आठवडाभर झोप बिघडली होती, पण दिवाळीच्या धावपळीवर ढकललं होतं. ह्यांचा शर्ट हातात होता आणि हात तो खाली ठेवेना. मी सांगितलं, ठेव. हात तसाच. भीती परत आली, तीच, ओळखीची. हे समोर जेवायला बसले होते. मला माहीत होतं की थोडाच वेळ आहे. मी सगळा जोर जिभेवर आणला. किती वेळ गेला सांगता येत नाही, पण शेवटी शब्द निघाला.

"धुळ्याला."

ह्यांनी हातातला घास ताटात ठेवला. हातही धुतले नाहीत, बाहेर जाऊन शेजाऱ्याची गाडी मागितली. अक्कांनी चूल विझवली, माझ्या अंगावर शाल टाकली आणि माझ्या शेजारी येऊन बसल्या. पारोळ्याच्या अलीकडे मी पूर्ण बंद पडले. पण ऐकत होते. हे ड्रायव्हरला रस्ता सांगत होते, अक्का मॅडमना फोनवर माझं वय आणि गोळ्यांची नावं सांगत होत्या, आई साक्रीहून परस्पर निघाली होती. मला ह्या खेपेला फार दिवस राहावं लागलं नाही.

भडगाव ते धुळे अख्ख्या रस्त्यात त्या गाडीत एकानंही मला विचारलं नाही, की बाई, तुला राग कशाचा आलाय.